चार ते पाच मी घरात नसतो

निकाल लागला, आमचा पक्ष सपाटून आपटला, आणि त्या दिवसापासून मी जबलपूरच्या रांझी भागातल्या आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडून राहिलो होतो. आयुष्य कारखान्यात गेलं, निवृत्त झालो, हाताला काम नाही आणि समोर असे लोक, की आपण काय करून बसलो याची ज्यांना लाज नाही. सकाळी चष्मा शोधायचा, फोन उघडायचा आणि कोणाची तरी खरडपट्टी काढायची. कोणी लिहिलं, तुमचा उमेदवार पाच वर्षांत तोंड दाखवायला आला नाही. मी लिहिलं, तोंड बघून मत द्यायचं असेल तर आरशाला द्या. सगळं हिंदीत, अर्थात. मला मजा यायची, उगाच खोटं कशाला बोलू?

घरात मी आणि आई, दोघंच. मागच्या वर्षी आईला झटका आला आणि त्यात तिची हिंदी गेली. जन्म जबलपुरात काढलेली बाई, बाजारहाट सगळा हिंदीत केलेला, आणि आता फक्त मराठी उरली. माणसंही धड ओळखू येत नाहीत. कधी मी तिचा मुलगा असतो, कधी नुसता कोणी 'भाऊ'. पण शेजारच्या भाभीला मात्र ती रोज ओळखायची. भाभीचे यजमान माझ्याच कारखान्यात होते. रोज चार वाजता भाभी यायची, आईची वेणी घालायची, तिला दूध-पोळी भरवायची, आणि आतल्या खोलीत दोघी तासभर बोलत बसायच्या. कोणत्या भाषेत बोलतात, हे मी कधी ऐकलं नाही. त्या मोकळ्या तासात मी बैठकीत बसून ग्रुपवर भांडायचो.

इथल्या मराठी घरांत एक सवय आहे. चारचौघांत खाजगी बोलायचं झालं की आम्ही मराठीत शिरतो. घमापूरच्या बाजारात भाजीवाल्यासमोर, 'हा लुटून राहिला, चल पुढे.' पाहुण्यासमोर, 'चहा विचारू नको, बसून राहील.' आईचा तर यात हातखंडा. चेहरा हसरा ठेवून ती पाहुण्याचा पार कचरा करायची आणि पाहुणा मान डोलवायचा. लहानपणापासून मला वाटत आलं, की मराठी म्हणजे आपल्या घराचं दार. लावलं की लागलं.

त्या दिवशी साडेतीनच्या सुमारास एका निवृत्त फोरमनने लिहिलं, "भाईसाहब, हार मान लो. जनता ने सोच-समझकर वोट दिया है." तळपायाची आग मस्तकात गेली. ग्रुपवर माझ्याखेरीज एकच मराठी माणूस होता, रेल्वेतला, आमच्याच पक्षाचा. त्याला उद्देशून मी सगळ्यांसमोर मराठीत लिहिलं, 'कसला विचार अन् कसलं काय! जनता म्हणजे कोण, तर तिकडे कुंडमच्या जंगलातून कॉलनीत आलेल्या बायका. कोणी हात जोडले की बटण दाबतात. मत कशाला म्हणतात ते तरी कळतं का यांना?' त्याने हसरा चेहरा टाकला. मला बरं वाटलं.

मग भाभीचा मेसेज आला. मराठीत. 'भैया, माझं माहेर कुंडमचं आहे. मत मी विचार करूनच दिलं. मराठी मला तुमच्या आईने शिकवली.'

ग्रुपवर एकदम विचारणा सुरू झाली, भाभी, क्या लिखा है, क्या हुआ. तेव्हा तिने माझं लिहिणं हिंदीत करून टाकलं. एक शब्द सोडला नाही, एक वाढवला नाही. कॉलनी माझ्यावर तुटून पडली. रेल्वेवाल्याने आपला हसरा चेहरा गुपचूप काढून घेतला. आणि मला तेव्हाही राग कोणाचा आला, तर भाभीचा. माझ्या घरात बसून भाषा शिकली आणि माझ्यावरच चालवली, असं वाटलं. कुंडमची ती आहे हे मला माहीत नव्हतं, ही गोष्ट मी स्वतःलाच सबब म्हणून ऐकवत होतो. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं, हे खरं.

चार वाजले, ती आली नाही. आई दाराकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी वेणी घालायला गेलो तर तिने माझा हात झटकला. दूध-पोळी समोर धरली की ओठ मिटून घ्यायची. "तिला काहून नाही आणलं?" एवढंच विचारायची. मी तिच्याशी बोलायला बसायचो आणि मला विषयच सुचायचा नाही. डोक्यात निवडणुकीशिवाय काही उरलंच नव्हतं. चौथ्या दिवशी आईने दुपारचं पाणीही घेतलं नाही, तेव्हा माझी तंतरली.

भाभी तिच्या घरासमोरच्या ओट्यावर मेथी निवडत होती. बस म्हणाली नाही. मी हिंदीत सुरुवात केली, तर तिने हात थांबवला.

"मराठीत लिहिलं होतं ना? मराठीतच बोला."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"मला नका सांगू. ग्रुपवर लिहा."

तिच्यासमोर उभं राहून लिहिलं, दोन्ही भाषांत. तिने ते वाचलं आणि पुन्हा मेथी हातात घेतली. "येईन मी. आईजींसाठी. पण चार ते पाच तुम्ही घरात नाही पाहिजे."

तेव्हापासून चारला मी बाहेर पडतो आणि बस स्टॉपच्या बाकावर जाऊन बसतो. फोन असतो. सवय काही गेली नाही, तिथेही कोणाशी तरी जुंपतेच, फक्त आता जे काही ते हिंदीतच.

परवा चष्मा घरी विसरलो आणि तो घ्यायला परत आलो. आई खाटेवर बसली होती, वेणी झाली होती, वाटी रिकामी होती. मला बघून ती छान हसली, पाहुण्याकडे बघून हसायची तशी. मग चेहरा तसाच हसरा ठेवून भाभीला मराठीत म्हणाली, "हा कोण बावा येऊन राहिला? चहा विचारू नको याला, बसून राहील."

भाभीने माझ्याकडे एकदा पाहिलं.

"नाही विचारत, आईजी," ती म्हणाली.

मी खिडकीतला चष्मा उचलला आणि बाहेर पडलो. पाच वाजायला अजून वेळ होता.