सप्टेंबरात न दिसलेलं फूल

वैशालीमावशीवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी दहाच्या मीटिंगमध्ये. कोलोराडोतल्या एका कंपनीसाठी ती वनस्पतींची पाहणी करायची. त्या दिवशी तिच्यापुढे तयार अहवाल ठेवला: स्की रिसॉर्टचा रस्ता जिथून जाणार, त्या उतारावर जपण्याजोगं काहीही उगवत नाही. खाली फक्त तिची सही हवी होती.

मावशी नागपूरची. जुलैत वितळत्या बर्फाच्या कडेला ती चक्क पोटावर झोपायची, मलाही झोपवायची. "उभ्यानं काय दिसते गं? झोप ना." नाकासमोर टीचभर उंचीचं स्नो बटरकपचं फूल. बर्फ पुरता हटायच्या आत उमललेलं. तेल चोपडल्यासारख्या चकचकीत पिवळ्या पाकळ्या, मधोमध हिरव्या दाण्यांची गुंडी, पानं दोऱ्यासारखी चिरलेली. सूर्य सरकेल तसं ते तोंड वळवतं. मी एकदा तोडायला गेले, तर मनगटावर फटका बसला. "मोजायला आलो आपण. वेणी माळायला नाही." त्या उतारावरचं एकेक रोप तिनं मोजलं होतं.

कंपनीची अधिकृत पाहणी मात्र सप्टेंबरात झाली. तोवर बिया गळून जातात, पानं वाळतात. जिवंत असतात ती मुळं, जमिनीखाली. साहेब म्हणाला, "फोटोत काही दिसत नाही, मग प्रॉब्लेम काय?"

मावशी म्हणाली, "सुट्टीत शाळेत जाऊन, पोरं नाहीत म्हणून लिहिता काय?"

तिनं सही केली नाही. आठवड्यात नोकरी गेली. नोकरी गेली की व्हिसावाल्यांच्या हातात देश सोडायला साठ दिवस. अहवालावर सही केली त्याच कंपनीतल्या, आपल्याच एका काकांनी. दर रविवारी विहारात वंदनेला ते तिच्या शेजारी बसायचे. "माझी दोन मुलं कॉलेजात आहेत," म्हणाले. मावशीचीही मुलगी आठवीत होती, तिला मराठी धड वाचता येत नव्हतं.

विमानतळावर त्या मुलीनं विचारलंच, "मॉम, जस्ट साइन केलं असतंस तर?"

मावशीनं तिची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली. "मोजलं ते नाही कसं म्हणू, बेटा?"

आता मुलगी नागपुरात शिकते. रस्ता अजून मंजूर नाही. येत्या गुरुवारी संध्याकाळी सहाला काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, सभागृहात त्या रस्त्यावर जनसुनावणी आहे.

"बिचारीनं उगाच हट्ट केला," असं म्हणणारे विहारात येणाऱ्या तुमच्यात बरेच आहेत. हळहळ पुरे. गुरुवारी या. माइक हातात घ्या, स्वतःचं नाव सांगा आणि म्हणा: जुलैत नव्यानं मोजणी होईपर्यंत रस्ता थांबवा.

काका, तुम्हीसुद्धा या.