उपोषणातली माझी बाटली

शिरूरच्या तहसील कचेरीसमोर मी नऊ दिवस अन्नावाचून बसलो, असं माझ्या प्रत्येक सत्कारात सांगितलं जातं. ते खोटं आहे.

त्या वर्षी गायरानासाठी भूमिहीनांनी तालुका बंद पाडला होता. एसटी डेपोबाहेर निघत नव्हती, लाठीमार रोजचा. फुटलेल्या डोक्यांना टाके घालता घालता मी भाषणं करू लागलो आणि एक दिवस मांडवात जाऊन बसलो. माझ्यासोबत मार्केट यार्डातला एक हमाल बसला. सरकारी डॉक्टरवर लोकांचा विश्वास नव्हता, म्हणून त्याला रोज मीच तपासायचो.

तिसऱ्या दिवसापासून माझ्या बाटलीत ग्लुकोज असे. पाण्यात ते दिसत नाही. आमदारकीच्या तिकिटाची बोलणी तोवर सुरू झाली होती.

सातव्या दिवशी हमाल म्हणाला, "लघवीच व्हईना डॉक्टर. उठू का?"

त्याला तेव्हाच दवाखान्यात हलवायला हवं होतं. पण तो उठला असता, तर लोकांनी मलाही उठवलं असतं.

"उपासात होतं असं," मी म्हणालो, आणि मांडवाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं, 'दोघांची प्रकृती ठीक.'

नवव्या दिवशी सरकार नमलं. त्याला उचलून न्यावं लागलं. मी गळ्यात हार घालून चालत गेलो. त्याची मूत्रपिंडं पुरती कधी सावरलीच नाहीत. हमाली सुटली. मी आमदार झालो.

गेल्या महिन्यात दौंडला त्याच्या मुलीच्या घरी गेलो. ती चहा करायला आत गेल्यावर बाटलीचं सांगितलं.

"ठावं हाय," तो म्हणाला. "पाचव्या दिवशी चुकून तुमची बाटली तोंडाला लावली व्हती. लई ग्वाड."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो आसतो तर गायरान गेलं आसतं."

"निदान तेच पाणी प्यायचं."

तो हसला. "दोघातल्या एकानं तरी उपास करायला नको व्हय?"

मग मी सातव्या दिवसाचं सांगितलं. त्याचं हसू गेलं.

"म्हंजी तुम्हाला तवाच कळलं व्हतं?"

"हो."

त्याने आतल्या खोलीकडे पाहिलं.

"पोरगी मलाच बोल लावती, डॉक्टर. बापानं हट्टानं जीव नासला म्हनती. तिला वाचता येतंय. लिवून द्या."

म्हणून लिहितो. बाई, तुमच्या वडिलांनी हट्ट केला नाही. त्यांनी उठू का, असं विचारलं होतं.