दिराच्या हातचं इंटरनेट

आमच्या घरात इंटरनेट येतं ते माझ्या दिराच्या हातून. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं केबलचं ऑफिस आहे. तिथून निघालेली काळी तार चार घरांच्या पत्र्यांवरून येते, आमच्या खिडकीतून आत शिरते आणि टीव्हीमागच्या पांढऱ्या डबीला लागते. ती तार त्यानं स्वतः ओढली होती. तेव्हा माझा नवरा होता, त्यानं खाली शिडी धरली होती.

कोळीवाडा म्हटलं की लोक लगेच समुद्राकडे बघतात, म्हणून आधीच सांगते, नवरा समुद्रात गेला नाही. काविळीनं गेला, हॉस्पिटलच्या खाटेवर. मागे राहिलो मी, शाळेत जाणारी मुलगी आणि सासू. घर सासऱ्यांनी बांधलेलं. दीर लग्नानंतर कांदिवलीला फ्लॅट घेऊन राहायला गेला, पण ऑफिस इथंच, त्यामुळे दुपारचं जेवण रोज आईकडे. नवऱ्याचं वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्याच रविवारी जेवता जेवता त्यानं विषय काढला.

"वहिनी, घर एका नावावर असलेलं बरं. उद्या बिल्डर आला तर दहा सह्या कोण गोळा करणार? नारळी पौर्णिमा झाली की कागद करू. तुझी एक सही, बस. तुझं नि पोरीचं मी बघणारच ना!"

बोलला प्रेमानं. प्रेमानं बोलला म्हणूनच मी सावध झाले. सही केली की मी आणि माझी मुलगी त्या घरात त्याच्या मर्जीवर राहणार, एवढं कळायला वकील लागत नाही. पण सही करायची नसेल तर काय म्हणायचं, कायद्यानं माझं त्या घरात काही आहे की नाही, हे कळायला लागतो. आणि वकिलाकडे जायचं म्हणजे आधी शोधायचा. शोधायचा कुठे? फोनवर. घरात मोबाइलला रेंज नाही, भिंतीला भिंत लागून घरं. अंधेरीच्या ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काउंटरला बसते तिथे फोन ड्रॉवरमध्ये ठेवावे लागतात, आणि जेवणाच्या सुट्टीत किंवा बसमध्ये चारचौघांच्या नजरा असतात. राहिलं घरचं वायफाय. म्हणजे दिराची तार.

सुरुवातीला मला त्यात भिण्यासारखं काही वाटलंच नाही. सकाळी भाजी फोडणीला टाकून मी ओट्यापाशी उभ्याउभ्याच बघायचे. वकिलांच्या साइट, आणि मराठीत समजावून सांगणारे व्हिडिओ, कानात इअरफोन घालून. मग एकदा नेट बंद पडलं म्हणून दिराच्या ऑफिसात गेले. तो खुशीत होता. स्क्रीन माझ्याकडे फिरवून म्हणाला, "बघ वहिनी. कुठल्या घरात कुठली साइट चाललीय, सगळं दिसतं इथं. आत काय वाचतात ते नाय दिसत, पण साइट दिसते ना! हा बघ, कोपऱ्यावरचा. दिवसभर सट्टा."

मी हसले. त्या दिवशी सकाळीच मी एका वकिलाची साइट उघडली होती. घरी येऊन आधी ते पान बंद केलं. त्या स्क्रीनवरची आमच्या घराची ओळ त्यानं बघितली असेल का? बघितली असेल तर मुद्दाम मला दाखवायला स्क्रीन फिरवली का? की नुसती फुशारकी? त्याला फुशारकीची सवय आहेच. पण भीती एकदा मनात शिरली की तिला कारण पुरवावं लागत नाही, ती आपली आपण शोधते.

त्या रविवारी कालवणात भात कालवता कालवता तो म्हणाला, "कोर्टाबिर्टाचं काय विचारायचं असेल तर मला विचार हां वहिनी. बाहेरचे लोक घरं फोडतात." मान वर करूनही बघितलं नाही त्यानं. मी त्याला आणखी कालवण वाढलं.

लॅबमध्ये माझ्या शेजारी बसणारी बाई आहे, माझ्याहून मोठी, भाड्याच्या खोलीत राहते आणि मालकाचंच वायफाय वापरते. तिला मी नावगाव न सांगता सगळं विचारलं. तिनं कपाळाला हात लावला. "अगं, व्हीपीएन टाक ना! माझा मालक कसला चोमडा आहे, मी कधीपासून वापरते." फुकटातलं घेऊ नकोस, ते आपलीच माहिती विकून खातात, हेही तिनंच सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत तिनं माझ्या फोनमध्ये ते टाकून दिलं. वरच्या पट्टीत एक बारीकशी किल्ली उमटली. मला तिनं समजावलं आणि मी माझ्या भाषेत समजून घेतलं: कोळीण मासळीची पाटी ओल्या गोणपाटानं झाकून नेते तसं. पाटी चालली आहे हे सगळ्यांना दिसणार, आतलं म्हावरं कुणाला दिसणार नाही.

त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी शांत झोपले. पण मी कोळणीच्या घरात नांदते, मला कळायला हवं होतं. झाकलेली पाटी दिसली की बाजारातली बाई पहिलं काय विचारते? "काय गं त्यात?"

दिरानंही तेच विचारलं. "वहिनी, तुमच्या घरातनं सकाळचं सगळं परदेशातल्या एकाच ठिकाणी जातंय हल्ली. काय भानगड?"

बोंबलाचा काटा काढावा तितक्या सहज विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "लॅबचं आहे भाऊजी. पेशंटचे रिपोर्ट असतात, ते असंच पाठवावं लागतं."

"असं होय," तो म्हणाला आणि पुन्हा जेवायला लागला. पण खोटं पकडलं तर माणूस बोलतो तरी. त्याचं ते गप्प जेवणं मला जास्त जड गेलं. त्यानंतर मी ती किल्ली दिवसातून किती वेळा बघायचे कोण जाणे. नेट जरा अडखळलं की वाटायचं, किल्ली गेली, आता उघडी पडले. मुलगी फोन मागायची तरी मी ओरडायचे. सासूशी बोलणंही कमी झालं. शेवटी ती त्याची आई. एका खोलीत झोपायचो आम्ही, पण मी तिच्याकडे पाठ करून पडायचे.

आणि सासूचंही काहीतरी बिघडलं होतं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिनं बाजारात बसणं सोडलं होतं, टीव्ही हाच तिचा बाजार. पण आता ती रिमोट कुणाला देईना. मांडीखाली दाबून बसायची. दीर आला की टीव्ही बंद करायची, डोकं दुखतंय म्हणायची. "आई, मॅच लाव ना," असं तो म्हणाला की, "रिमोटचे सेल संपलेत." मला तर संतापच यायचा. एकुलता उरलेला मुलगा जेवायला येतो आणि ही म्हातारी आपल्या मालिकेसाठी रिमोट दाबून बसते! त्यात मला दिराला नाराज करायचं नव्हतं. पौर्णिमा जवळ आली होती, आमच्या गल्लीत होड्या रंगवायला काढल्या होत्या, आणि त्यानं जरा खूश असावं, विषय काढू नये, एवढंच मला हवं होतं. म्हणून लॅबमधून येताना मी नवे सेल आणून ठेवले.

रविवारी तो आला, ताटावर बसला. "आई, मॅच."

"सेल नाय," सासू म्हणाली.

"मी आणलेत ना!" मी म्हटलं. रिमोट तिच्या मांडीखालून अक्षरशः ओढला, सेल बदलले आणि दिराच्या हातात दिला. सासूनं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी आयुष्यात विसरणार नाही. रागाची नव्हती. घाबरलेली होती.

टीव्ही लागला. बंद करताना जे चालू होतं तेच व्हिडिओचं पान उघडलं. आणि एकाखाली एक, काळे कोट घातलेली माणसं. "नवऱ्याच्या पश्चात सुनेचा घरात हिस्सा." "हक्कसोड पत्रावर सही करण्यापूर्वी." अक्षरं एवढी मोठी की गल्लीतूनही वाचता आली असती.

त्याच क्षणी मला सगळं समजलं. हा टीव्ही नवऱ्यानं आणला तेव्हा माझ्याच फोनवरून चालू केला होता, माझ्याच खात्यावर. सकाळी ओट्यापाशी मी फोनवर जे जे बघायचे ते ते हा बाहेरच्या खोलीत मांडून ठेवत होता. मी तारेवरून जाणारं झाकत बसले होते, आणि घराच्या मधोमध पाटी सताड उघडी होती. दीर स्क्रीनकडे बघत होता. हातावरची डाळ ताटात गळत होती. मला वाटलं, संपलं. आता हा विचारणार, आणि मी रडणार, आणि रडत रडत सही करणार.

"वहिनी," तो अगदी हळू म्हणाला, "हे काय बघतेस तू?"

मी टीव्ही बंद करायला उठले.

"ती नाय," सासू म्हणाली. "मी बघते."

"तू?"

"मी. माझ्या नवऱ्यानं बांधलेलं घर हाय. कोणाचं किती, मला नको कळायला? तू दुपारी कागद घेऊन येतोस, अंगठा दे म्हणतोस, सुनेला सांगू नको म्हणतोस. म्हणून बघते. जेव आता, निवतंय."

अंगठ्याचं मला माहीतच नव्हतं. दिरानं दोन घास खाल्ले, हात धुतला, चपला घातल्या. दारात थांबून त्यानं डबीकडे, मग माझ्याकडे बघितलं. "पौर्णिमेनंतर बोलू," म्हणाला आणि उतरला. त्याच्या पावलांचा आवाज ऑफिसपर्यंत ऐकू येतो आमच्याकडे. तो थांबेपर्यंत आम्ही दोघी हललो नाही. आता तो तार तोडेल, की कागद घेऊन माणसं आणेल, मला काहीच कळत नव्हतं.

"आई, तुम्ही कधीपासून बघताय?"

"तू कामावर गेलीस की," ती म्हणाली. "तो यायच्या आत बंद करायची. तू सेल आणलेस, शहाणे."

मग तिनं रिमोट घेतला आणि बटण दाबलं. व्हिडिओ पहिल्यापासून लागला नाही, तिनं सोडला होता तिथून, मधूनच सुरू झाला. तिनं बाजूला सरकून माझ्यासाठी जागा केली.

"बस," ती म्हणाली. "आता सांगतो तो काळा कोटवाला, सही नसंल करायची तर काय करायचं. माझं एवढंच ऐकायचं राहिलंय."