कावळा आला, पण शिवला नाही

गेल्या मे महिन्यात, एका शुक्रवारी दुपारी साडेचारच्या सुमारास मी माझ्या सासऱ्यांना मारलं. साडेसहाला ते स्वतःच्या पायांनी घरी परत आले. मधल्या दोन तासांत जे झालं त्याचा दोष घरचे सगळे मला देतात, आणि सगळ्यांचं बरोबर आहे.

आमचं घर बोर्डीला, चिकूच्या वाडीत. मी शाळेत भूगोल शिकवते आणि उरलेल्या वेळात तंद्रीत असते. दूध उतू जाऊन गॅस विझला की मला कळतं, अरे, आपण दूध ठेवलं होतं! (सतीश, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "तू भूगोल शिकवतेस तेच बरं. पृथ्वी निदान आपोआप फिरते.")

तर त्या सुट्टीत मी एक मोफत ऑनलाइन वर्ग लावला होता. एकवीस दिवसांत स्वतःचं वेबपेज! माझा नववा दिवस चालू होता. नवव्या दिवशी माणसाला जेवढा आत्मविश्वास असतो तेवढा एकविसाव्या दिवशी नसतो, हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा नव्हतं. म्हणून आप्पांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या पंचाहत्तरीचा विषय निघाल्यावर मी जाहीर करून टाकलं, "पत्रिका छापायच्याच नाहीत. मी वेबपेज करते!"

"म्हणजे लोकांच्या हातात काय पडणार?" सासूबाईंनी विचारलं.

"लिंक."

"ती फ्रिजवर लावता येते का?"

आप्पांनी मात्र एकच प्रश्न विचारला. "नानाला दिसेल का गं ते?"

नाना म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ. उधव्याला असतात. अकरा वर्षांपूर्वी एका लग्नात गर्दी झाली म्हणून आप्पा त्यांना म्हणाले, "नाना, तू दुसऱ्या पंगतीला बस." नाना दुसऱ्या पंगतीला बसले नाहीत. ते थेट उधव्याला जाऊन बसले. तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाना होते, पण तिथेही ते फक्त वाचत. आप्पा कधी कधी माझा फोन मागून घेत आणि विचारत, "निळ्या रेघा आल्या म्हणजे त्याने वाचलं ना?" मी हो म्हणायची. मग ते फोन परत द्यायचे.

पान मी मनापासून केलं. मधोमध आप्पांचा हसरा फोटो, फोटोभोवती झेंडूच्या फुलांची चौकट, खाली 'आपली उपस्थिती प्रार्थनीय', त्याखाली जेवणाचा बेत. लिंक ग्रुपवर टाकली आणि वर लिहिलं, 'पान अजून सजतंय. अधूनमधून बघत राहा!' (हे मीच लिहिलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती.)

त्या शुक्रवारी मला वाटलं, पानाचा पांढरा रंग जरा दवाखान्यासारखा दिसतो, गुलाबी करू या. कोडमध्ये रंग बदलला, 'पब्लिश' दाबलं, डेस्कटॉपवरच्या पानावर दोनदा टिचकी मारून ते उघडलं. पांढरंच! पुन्हा बदलला. पांढरं. स्पेलिंग तपासलं, अर्धविराम तपासले, कंस मोजले, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, माउस पुसला. पांढरं ते पांढरंच.

मग आमच्या वर्गाच्या सरांचा व्हिडिओ लावला. त्या सरांचा चेहरा इतका शांत की त्यांच्या घरी कधी काही बिघडतच नसावं. ते म्हणाले, "बदल दिसत नसेल तर घाबरू नका. पानाच्या सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, कुणाच्याही नजरेत भरेल असं काहीतरी लिहा. मागचा रंग एकदम गडद करा. बदल होतोय की नाही, लगेच कळेल."

मी मागचा रंग काळा केला. आता लिहायचं काय?

मी ओटीवर कॉम्प्युटरशेजारच्या खिडकीतून बाहेर बघितलं, आणि तिथेच माझं चुकलं. आमच्या खिडकीतून मे महिन्याची दुपार बघणाऱ्या माणसाने कुठलंही काम हातात घेऊ नये. चिकूच्या पानांतून उन्हाचे तुकडे खाली पडतात आणि वारा आला की अंगणभर हळूहळू सरकतात. पलीकडे सुरूची झाडं सारखी काहीतरी कुजबुजत असतात. त्यांच्या मागे ओहोटीचा समुद्र इतका लांब गेलेला असतो की तो आहे की आपल्याला नुसता आठवतोय, असं होतं. मी लिहिलं, 'समुद्र शांत आहे.' पब्लिश केलं. पान उघडलं.

पांढरं. समुद्राचा पत्ता नाही.

तेवढ्यात आप्पा काठी घेऊन फाटकाबाहेर पडले. रोज चारनंतर ते किनाऱ्यावर फिरायला जातात. उन्हाच्या तुकड्यांतून त्यांची पाठ लहान लहान होत गेली आणि सुरूंच्या मागे दिसेनाशी झाली. फार सुंदर दिसलं ते. मी खालच्या ओळीत लिहिलं, 'आप्पा गेले.'

पब्लिश. काही नाही.

अंगणात सासूबाईंनी कुरडया वाळत घातल्या होत्या. एक कावळा आला, ताटाभोवती दोन फेऱ्या मारल्या, मान वाकडी करून कुरड्यांकडे बघितलं आणि चोच न लावताच उडून गेला. मला गंमत वाटली. मी लिहिलं, 'कावळा आला, पण शिवला नाही.'

पब्लिश. काही नाही!

आता मात्र माझं डोकं फिरलं. इतक्या दिवसांचं शिकणं पाण्यात! शेवटची ओळ मी रागाने लिहिली, 'सगळं संपलं.' पब्लिश दाबलं आणि चहा टाकायला उठले.

फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता, आवाज बंद करून. त्यावर त्रेचाळीस मिस्ड कॉल! चव्वेचाळिसावा माझ्या हातातच आला. माझी नणंद सुनीता, वापीहून. ती तिथल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवरच काम करते.

"वहिनीऽऽ!" आणि ती हमसून रडायलाच लागली. मला काही कळेना, पण मीही रडायला लागले. समोरचा रडत असताना कोरडं राहणं बरं दिसत नाही.

"मला कळवावंसंसुद्धा वाटलं नाही तुला?" ती म्हणाली.

"काय कळवायचं?"

"आप्पा गेले ते!"

"अगं, ते रोजच जातात."

तिचं रडणं एकदम थांबलं. "कुठे जातात?"

"समुद्रावर."

"म्हणजे... आहेत?"

"आहेत म्हणजे काय! पाण्यात नाही गं जात, काठाकाठाने चालतात."

सुनीताने मोठा श्वास घेतला. मग तिचा आवाज पूर्ण बदलला. बापाची लेक गेली आणि ऑफिसातली बाई आली. "वहिनी, कॉम्प्युटरपुढे बस. पान उघड. वरच्या पट्टीत पत्ता काय दिसतो ते वाच."

"सी, मग दोन टिंबं, मग तिरकी रेघ, मग डेस्कटॉप..."

"थांब! हे तुझ्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेलं जुनं पान आहे. इंटरनेटवरचं नाहीच!"

तेव्हा मला आठवलं. पान पहिल्यांदा तयार झालं त्या आनंदात मी त्याची एक प्रत डेस्कटॉपवर ठेवली होती, आणि तेव्हापासून तीच उघडून बघत होते. म्हणजे मी भिंतीवरच्या जुन्या फोटोपुढे उभी राहून खऱ्या माणसाला कपडे बदलायला सांगत होते. तो बिचारा मुकाट्याने बदलत होता आणि मी फोटोतला सदरा तोच का म्हणून चिडत होते!

फोनवर खरं पान उघडलं. काळंकुट्ट. मधोमध झेंडूच्या चौकटीत आप्पा हसताहेत. वर चार ओळी:

समुद्र शांत आहे.
आप्पा गेले.
कावळा आला, पण शिवला नाही.
सगळं संपलं.

आणि खाली, 'आपली उपस्थिती प्रार्थनीय. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड.'

खरं सांगते, क्षणभर माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

"आधी ते पुसून टाक," सुनीता म्हणाली. "दादाला मी मघाशीच कळवलंय. आता त्याला सांगते."

मी चारही ओळी पुसल्या. पण लोकांचा जीव टांगणीला लागला असेल, त्यांना धीर द्यावा म्हणून त्या जागी लिहिलं, 'आप्पा येतील. काळजी करू नका.' काळा रंग बदलायचं मात्र घाईत राहून गेलं.

(आशागडचे मामा नंतर म्हणाले, "गेले वाचलं तेव्हा वाईट वाटलं होतं. येतील वाचलं तेव्हा म्हटलं, सूनबाईंच्या डोक्यावर परिणाम झाला.")

पहिले तेच पोचले. सासूबाईंचे धाकटे भाऊ आणि मामी, रिक्षाने, हार घेऊन. मी फाटकाशी त्यांना अडवेपर्यंत मामी धावत आत गेल्या. सासूबाई नुकत्याच झोपेतून उठून डोळे चोळत होत्या. मामींनी त्यांना मिठी मारली आणि हंबरडा फोडला. सासूबाईंनीही फोडला. दोन मिनिटं दोघी मन लावून रडल्या. मग सासूबाईंनी हळूच विचारलं, "कोण गेलं गं?"

"अहो, आप्पा!"

"त्यांना जाऊन तास झाला. त्यात रडायचं काय?"

मामींनी माझ्याकडे वळून बघितलं. त्या नजरेत स्पष्ट होतं की या घरात बायकांवर एकामागून एक परिणाम होतोय.

मग सतीश आला. डहाणूच्या ऑफिसातल्या दोघा मित्रांनी त्याला मोटरसायकलवर मधे बसवून आणलं होतं, दुःखाने पडू नये म्हणून दोन्हीकडून घट्ट दाबून. सुनीताचा दुसरा फोन त्याला उचलताच आला नव्हता; हात मोकळा नव्हता! मी त्याला एका दमात सगळं सांगितलं. तो ओट्यावर बसला आणि स्वतःची नाडी बघायला लागला. शेजारचे आले, वाडीतले आले, वीस-पंचवीस माणसं अंगणात उभी राहिली. मी प्रत्येकाला "आहेत हो, आहेत" सांगत फिरत होते आणि प्रत्येक जण "हो हो, आहेत, आपल्यातच आहेत" म्हणून माझ्या डोक्यावरून हात फिरवत होता.

तेवढ्यात फाटकाशी पांढरी गाडी थांबली. मागच्या दारातून नाना उतरले.

अंगणातल्यांनी वाट करून दिली. अकरा वर्षांत ते फार वाळले होते. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. सरळ ओटीवर आले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आप्पांचा फोटो उघडाच होता, त्याच्यापुढे उभे राहिले आणि हात जोडले.

"कावळा शिवला नाही म्हणे," ते म्हणाले. आवाज फुटत होता. "कसा शिवेल? तुझा जीव माझ्यात अडकलेला. एका पंगतीवरून मी... अरे, दुसऱ्या काय, दहाव्या पंगतीला बसलो असतो मी!"

मला पुढे होऊन सांगायचं होतं, नाना, तो कुरड्यांचा कावळा होता. पण त्यांचे जोडलेले हात बघून मी मागेच राहिले. (आणि तासाभरात दहावा कसा उरकला, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही!)

तेवढ्यात फाटकापाशी नानांच्या गाडीचा गुजराती ड्रायव्हर ओरडला, "अरे! काका तो जीवता छे!"

आप्पा येत होते. चड्डी-बनियनवर, डोक्याला टॉवेल, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पानात बांधलेले ताडगोळे. गर्दी बघून ते जरा थबकले. मग ओटीवर त्यांची नजर गेली.

"नाना? कधी आलास?"

नाना सावकाश वळले. पडद्याकडे बघितलं. आप्पांकडे बघितलं. पुन्हा पडद्याकडे.

"तू मेला नाहीस?"

"नाही बुवा. ताडगोळे मिळाले म्हणून उशीर झाला."

"लाज नाही वाटत?" नाना कडाडले. "उधव्यापासून इथपर्यंत रडत आलो मी!"

"मी सांगितलं होतं का रडायला?"

"नेहमीचंच तुझं! दुसऱ्याचा विचारच नाही!"

"तुझा राग अजून तसाच!"

असे दोघं पाच मिनिटं भांडले. अकरा वर्षांचं साठलेलं होतं. सासूबाई पदर डोळ्यांना लावून कौतुकाने ऐकत होत्या. मग दोघांचाही दम संपला. आप्पा पायरीवर टेकले आणि पानाची गाठ सोडली.

"घे. कोवळे आहेत."

नाना थोडा वेळ उभेच होते. मग शेजारी बसले. "सोलून दे," ते म्हणाले.

आप्पा एकेक ताडगोळा सोलून त्यांच्या हातावर ठेवत गेले. भरतीचं पाणी परत येत होतं. सुरूंच्या मागे सगळा उजेड नारिंगी झाला होता, आणि त्या उजेडात ती दोन म्हातारी डोकी खात बसली होती. आणलेला हार हातात धरून मामाही ते बघत उभे होते. अंगणातल्या एकाही माणसाला घरी जावंसं वाटेना. मी आत जाऊन तीस जणांचा चहा टाकला. तो उतू गेला.

पंचाहत्तरी व्यवस्थित पार पडली. लोक थोडे कमी आले. बरेच जण म्हणाले, आम्ही भेटून गेलोय.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतलं. गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. मी मान खाली घालून उभी राहिले.

"बाई," त्या म्हणाल्या, "आपल्या पालकसभेला दहा माणसं जमत नाहीत. तुम्ही दोन तासांत तीस जमवलीत. शाळेचं वेबपेज आता तुम्हीच करायचं."

मला इतकं भरून आलं! नवव्या दिवसाची का होईना, शेवटी विद्येची कदर झाली होती. मी "हो" म्हटलं, नमस्कार केला आणि मान ताठ करून निघाले. दारापर्यंत पोचले तोच त्यांनी मागून हाक मारली.

"आणि बाई, पानावर शाळेचा फोटो टाका, झाडांचा टाका, मुलांचा टाका. फक्त माझा टाकू नका."