पैनगंगेपल्याडची रीत

पंचफुलाबाई इंग्रजी मुलखात जाऊन आली आणि बिघडली, असं पुसेगावात पुष्कळांचं मत होतं. असेना का! गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? मत देणाऱ्यांपैकी एकानंही पैनगंगा ओलांडली नव्हती, हे मात्र सांगायला हवं.

मोगलाई सोडून पल्याड जायचं म्हणजे तेव्हा परदेशच. राज्य निराळं, नाणं निराळं, वाटेत नाका आणि नाक्यावर शिपाई. शिपायानं तिच्या गाठोड्यातल्या चटणीतसुद्धा बोटं घालून पाहिली, तेव्हाच ती तापली. "मैत्रिणीला नेऊन राहिले. सोनं न्हाई त्यात!" तिला गप्प करता करता नवरा नामाजी घामाघूम झाला.

मैत्रीण म्हणजे सोमली, गुलाबसिंग लमाणाची बायको. पूर्वी त्यांची गुरं खतासाठी नामाजीच्या रानात बसायची, तेव्हा दोघी बांधावर एकाच भाकरीचे तुकडे मोडून खायच्या. मग तांडा रिसोडकडं गेला आणि बरीच वर्षं भेट पडली नाही.

गाडी तांड्यावर थांबली. सोमली धावत आली, पंचफुलाच्या गळ्यात पडली आणि हंबरडा फोडून रडायला लागली. मागून तिची सासू आली, तीही सुरात रडू लागली. पंचफुलानं तिचे खांदे धरले. "कोण गेलं गं? गुलाबसिंगभाऊ?" तेवढ्यात गुलाबसिंग खुशाल चिलीम ओढत झोपडीतून बाहेर आला.

सोमलीनं डोळे पुसले. "आमच्यात भेटलं की बाया आदी रडतेत, बाई. रडत रडत सारं सांगतेत, काय झालं, काय सोसलं. हसून पुसलं तर माणूस 'बरंय' म्हणून मोकळं व्हतंय."

त्या दुपारी पंचफुला सोमलीच्या गळ्यात पडून आपल्या दगावलेल्या तान्ह्या लेकरासाठी रडली. घरी तेव्हा तिला रडू दिलं नव्हतं; पेरणीची घाई होती.

परतताना तिला हलकं वाटत होतं आणि संतापही येत होता. आपल्याकडं लेक माहेरी आली की भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, "बरी हायेस ना?" विचारायचं आणि तिनं "व्हय" म्हणायचं. सणासुदीला माहेरी रडणं अशुभ! कोणाच्या सोयीचं अशुभ हे? लेक रडली तर ऐकावं लागेल, ऐकलं तर काही करावं लागेल, म्हणून ही सगळी तजवीज!

पंचमीला तिची लेक गोजर शिरड शहापूरहून आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. भाकरतुकडा हातात तसाच धरून पंचफुलानं तिला मिठी मारली आणि मोठ्यानं रडायला सुरुवात केली. गोजर भांबावली. पण आईचा हात पाठीवर पडताच कळवळून मागं सरली.

"काय झालं पाठीला?"

"काई न्हाई. बरी हाय मी."

"बरी न्हाईस. रड आदी."

मग गोजर रडली आणि रडता रडता सारं बाहेर आलं. नवऱ्यानं बैलांच्या पराणीनं दिलेला मार, उपाशी रात्री, सासूनं गोठ्यात टाकलेलं अंथरूण. किती सणांना ही पोर येऊन "व्हय" म्हणून गेली होती! आणि आई असून पंचफुलानं ते मुकाट ऐकून घेतलं होतं. तिला स्वतःचीच चीड आली.

शेजारणी धावल्या. कारण कळल्यावर म्हणाल्या, "दारात बोंबलून काहून लेकीचा संसार मोडून राहिलीस?" गोजरच्या पाठीकडं एकीनंही पाहिलं नाही.

सण उलटला तसे व्याही उत्तमराव गाडी घेऊन आले. ओट्यावर बसून त्यांनी घसा साफ केला. "लमाणावानी गळे काढून राहिले म्हनं तुमी. सुनेला तयार करा. नांदती लेक ठेवून घ्यायची आपल्यात रीत न्हाई."

नामाजीनं सवयीनं मान खाली घातली. पंचफुलाबाई मात्र पदर सावरून थेट व्याह्यांच्या समोर आली. असं त्या घरात आजवर घडलं नव्हतं.

"मारायची रीत तुमी काढली, इवाई. गप बसायची आमी पाळली. आता पाळणार न्हाई. रीती लई हायेत दुनियेत, मी बघून आले. गाडी जुंपा, पावसाच्या आदी घर गाठाल."

उत्तमरावांनी नामाजीकडं पाहिलं. बाईला आवर, असं ते पाहणं होतं. नामाजी उठला, अंगणात गेला आणि स्वतःच्या हातानं त्यानं पाहुण्यांचे बैल रिकाम्या गाडीला जुंपून दिले.