द्राक्षांच्या घडाखालची सावली

आज लकडगंजात मित्राच्या घरी गेलो, तर पेंटर सुनील पांढऱ्या रंगाची बादली घेऊन उभा होता.

त्यांच्या बैठकीच्या दाराच्या वर, भिंतीवर, संगमरवरात कोरल्यासारखा द्राक्षांचा वेल आहे. कोरलेलं काहीच नाही. सपाट भिंतीवर नुसता रंग. सफाईच्या भरात काकूंनी, म्हणजे मित्राच्या आईने, घडांखालचा करडा रंग मळ समजून घासून काढला. अर्धा वेल दिसेनासा झाला, म्हणून आज सगळंच पांढरं करायचं ठरलं होतं.

पण सुनीलने वेल नीट पाहिला, बादली बाजूला ठेवली आणि बारीक ब्रशने एका घडाखाली करडा रंग भरला.

"काहून गा, मी घासघासून काढलं अन् तू पुन्हा मळ लावून राहिला?"

"काकू, थो मळ नव्हता. सावली होती."

घड भिंतीतून बाहेर आल्यासारखा दिसला. काकू स्टुलावर चढल्या, बोट लावून पाहिलं. भिंत सपाटच. खाली उतरून त्या बराच वेळ वर बघत राहिल्या.

"बाकीच्या घडायलेही लाव," त्या म्हणाल्या. "अन् सुनेले बजावून ठेवते, इथं कोणी फडकं लावायचं नाही."

सून स्वयंपाकघरात खुदकन हसली.

तुमच्याकडे सफाईच्या हौसेत काय काय पुसलं गेलंय?