निगेटिव्ह मार्किंगचा पगार

लातूरला राहून मी दोनदा मेडिकलची परीक्षा दिली आणि दोन्ही वेळा माझा नंबर लागला नाही. तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही, आणि कुणी कीव करायला लागलं तर माझं डोकं फिरतं.

त्यानंतर मी जिथं नोकरीला लागले ती वेबसाइटना जागा भाड्यानं देणारी कंपनी होती. कंपनी म्हणजे क्लासच्या गल्लीतल्या दोन खोल्या. वेबसाइट ज्या सर्व्हरवर ठेवायच्या तो परदेशात, आणि आमच्याकडं फक्त गिऱ्हाइकांच्या तक्रारी. कंपनीचे मालक आधी कोचिंग क्लास चालवायचे, म्हणून सगळे त्यांना सरच म्हणायचे. क्लास मेहुण्याच्या ताब्यात देऊन ते या धंद्यात आले, पण येताना क्लासच्या सगळ्या सवयी सोबत घेऊन आले. कामावर घेतली तीसुद्धा आमच्यासारखी रिपीटर पोरंपोरी. दिवसभर खुर्चीत बसायची सवय, इंग्रजी वाचता येतं, आणि गावाकडं तोंड दाखवायचं नाही म्हणून मिळेल त्या पगाराला तयार. यापेक्षा स्वस्तात त्यांना कोण मिळणार होतं?

मूळ पगारात मेस आणि खोलीभाडं कसंबसं भागायचं. आमची खोली भूकंपानंतर बांधलेल्या इमारतीत होती, त्यामुळं मालकीणबाई आधी पिलर दाखवायच्या आणि मग भाडं सांगायच्या. बाकीचा पगार मार्कांवर होता. गिऱ्हाइकाची तक्रार सोडवली की चार मार्क. तीच तक्रार परत आली की ते चार जायचे आणि वर एक मार्क वजा. महिन्याच्या शेवटी बेरीज, आणि बेरजेप्रमाणं पैसे. परीक्षेचा नियम जशाचा तसा उचललेला.

आणि ते पैसेही आमच्या हातात नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी ऑफिसात पालक सभा भरायची. पोरापोरींचे वडील गावाहून यायचे, सर एकेकाचे मार्क वाचून दाखवायचे आणि पगाराचं पाकीट वडिलांच्या हातात द्यायचे. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. फी वडिलांनी भरलेली, रिझल्ट वडिलांना कळवलेला, मग पगारही त्यांच्याकडंच जाणार. मला वावगं वाटायचं. पण मी गप्प होते, कारण मला लातुरात राहायचं होतं.

माझे वडील उमरीला शाळेत शिक्षक. त्यांनी मला नोकरीला पाठवलं ते एका अटीवर. म्हणाले, "जमतंय तवर कर. मार्क खाली आले की घरी यायचं. अर्धापूरचं स्थळ थांबलंय." अर्धापूरच्या त्या मुलाची केळीची बाग होती. केळीशी माझं काही वाकडं नव्हतं. पण त्या बागेला पाणी देणाऱ्यांना डबे पोचवत जन्म काढायचा नाही, हे माझं पक्कं होतं.

अशा छोट्या कंपन्या मी नंतर आणखी पाहिल्या. पगार देण्याच्या एकेकाच्या तऱ्हा. एकीत तक्रार बंद करण्यावर पैसे होते, म्हणून पोरं तक्रार न सोडवताच बंद करायची. एकीनं पगारवाढीच्या ऐवजी मला सर्व्हरवर फुकट जागा देऊ केली. बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "जागा हाय तर सातबारा कुठं हाय?" पण पगारातून वजा करण्याची अक्कल फक्त आमच्या सरांचीच.

त्या नियमानं काय होणार हे त्यांना तरी कळायला हवं होतं. लातूरच्या क्लासात एक गोष्ट पोरांच्या हाडात मुरवतात. शंका असेल तर प्रश्न सोडून द्या, वजा खाऊ नका. मग आम्ही तेच केलं. पासवर्ड विसरलेलं गिऱ्हाईक आलं की त्याच्यावर सगळ्यांच्या उड्या. अवघड तक्रार आली की सगळ्यांच्या माना खाली. त्या अवघड तक्रारी नुसत्या साचत गेल्या आणि कुणीही आळशी नसताना गिऱ्हाइकं बोंबलत राहिली.

त्यातली एक तक्रार अकोल्याच्या एका बाईंची होती. त्यांची रक्त तपासायची लॅब. लॅबमधून डॉक्टरांना आणि पेशंटना मेलनं रिपोर्ट जायचे, ते पोचत नव्हते. बाई रोज लिहायच्या. आधी इंग्रजीत, नम्रपणे. मग एक दिवस सरळ मराठीत लिहिलं, "तिकडं कुणी माणूस बसतो का?"

ते वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाईंवर नाही, आमच्यावरच. मी ती तक्रार माझ्या नावावर घेतली. शेजारी उदगीरकडचा एक मुलगा बसायचा, तो म्हणाला, "कशाला हात लावायलीस? मायनस खाशील. रविवारी तुझे बाबा येणारेत."

मायनस खाल्लंच. मला वाटलं सुटलं, तर दुसऱ्या दिवशी तक्रार परत. पुन्हा केलं, पुन्हा परत. तेवढ्या वेळात बाकीचे पासवर्ड बदलून देत चाराचाराचे ढीग लावत होते. माझी बेरीज घसरत होती, आणि तिच्यासोबत मी अर्धापूरकडं घसरत होते. पण आता सोडलं तर त्या बाईंना कुणीच नाही, हेही दिसत होतं. हट्टाला पेटले म्हणा, चालेल.

शेवटी सापडलं. बाईंची वेबसाइट ज्या सर्व्हरवर होती त्याच सर्व्हरवर सरांच्या मेहुण्याच्या क्लासचीही होती. क्लासवाले "आजच प्रवेश घ्या" असे मेल दिसेल त्याला पाठवत सुटले होते. त्यामुळं आमचा सर्व्हरच बदनाम झालेला. तिथून येणारं प्रत्येक पत्र लोकांच्या मेलमध्ये कचऱ्यात पडायचं, आणि क्लासच्या जाहिरातींबरोबर कुणाच्या तरी काविळीचा रिपोर्टही कचऱ्यात. सर लग्नाला नांदेडला गेलेले, फोन उचलत नव्हते. मी क्लासचे मेल बंद केले. वेबसाइट चालू ठेवली, फक्त मेल बंद. मग सर्व्हरचं नाव साफ होईपर्यंत मेल कंपन्यांकडं पाठपुरावा केला. बाईंचं उत्तर आलं, "रिपोर्ट पोचले." ती तक्रार पुन्हा आली नाही.

रविवारी सभा भरली. बाबा उमरीहून आले होते, मांडीवर पिशवी घेऊन दुसऱ्या रांगेत बसले. सरांनी मार्क वाचले. माझं नाव सगळ्यात शेवटी आलं.

"गुरुजी, मुलगी हुशार आहे," सर म्हणाले. "पण येत नाही ते सोडून द्यायला शिकली नाही."

मी उठले. "सर, मला ते आलं. तक्रार सुटली."

"क्लासचे मेल बंद करून? ऐन ॲडमिशनमध्ये? कुणाला विचारलंस?"

"लॅबचे रिपोर्ट बंद पडले ते कुणाला विचारून?"

बाबा हळूच म्हणाले, "बस खाली."

"न्हाई बसत, बाबा."

खोलीतले सगळे बाप माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "सर, तुमच्याकडं सोडलेल्या तक्रारींचा ढीग पडलाय. त्याला कुणी हात लावणार नाही, तुमचा नियमच तसा आहे. त्या सगळ्या मी घेते. पण मला मार्क नकोत. ठरलेला पगार द्या, आणि तो माझ्या हातात द्या. काम मी करते."

सर हसले. "गुरुजी, आता तुम्हीच सांगा."

बाबांनी पिशवीचा बंद हाताला गुंडाळला आणि म्हणाले, "संध्याकाळची गाडी हाय. तिचं सामान घेऊन जातो."

"तुम्ही जा, बाबा," मी म्हणाले. "मी येत नाही." त्या दिवशी बाबांना मी आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं, आणि तेही चारचौघात. मला त्याची लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही.

सर आता हसत नव्हते. ते मास्तर असले तरी धंदा करत होते, आणि त्या ढिगातली दोन मोठी गिऱ्हाइकं निघून जायच्या बेतात होती, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा बाबांकडं. "पुढच्या महिन्यापासून ठरलेला," ते पुटपुटले आणि सरल्या महिन्याचं माझं पाकीट पुढं केलं. नेमकं कुणापुढं, ते त्यांनाही कळत नव्हतं. बाबांचे हात पिशवीवरून हलले नाहीत. मी पाकीट घेतलं.

सरांनी सहीचा कागद सरकवला. माझ्या नावापुढं छापलं होतं, पालकाची सही. मी पेन उघडलं आणि तिथं माझी सही करायला लागले. बाबा उठून माझ्यामागं येऊन उभे राहिले. आता हात धरून ओढतात की काय, असं वाटलं.

"अक्षर नीट काढ," ते म्हणाले, आणि एकटेच गाडीला निघाले.